टाकीचं रबर मे महिन्यातच का सुटतं?

बुलेट किंवा जुन्या येझदीच्या पेट्रोल टाकीवर चिकटवलेले नी-पॅड, म्हणजे गुडघे टेकायची रबरं, पावसात क्वचित पडतात. पडतात ते एप्रिल-मेमध्ये. सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की उन्हात उभ्या गाडीची काळी टाकी ६० अंशांच्या पुढे सहज तापते आणि साधा गम मऊ पडतो. त्यात रबर बहुधा सपाट असतं, टाकी मात्र गोल. रबराच्या कडा सरळ व्हायला सतत ओढ घेत असतात. गम मऊ पडला की आधी एखादा कोपरा उचलतो, त्यात धूळ शिरते, आणि मग तो कोपरा कितीही दाबा, परत बसत नाही.

म्हणून गमाच्या आधी रबराची ओढ काढायची. पॅड गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसा, टाकीवर जागेवर धरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधा. ट्यूब आणि रंगाच्या मध्ये सुती कापड हवंच, नाहीतर काळे डाग पडतात. एक दिवस उन्हात राहू द्या. आपल्याकडे ऊन फुकट आहे, हॉट एअर गन टाकीजवळ आणायचं काही कारण नाही.

आता गम. फेविक्विक रबराला चटकन धरतं, पण कडक होतं. इंजिनाच्या थरथरीत तडकतं आणि कडेने रंगावर पांढरी झाक सोडतं. अॅराल्डाइटचंही तेच: रबराला नीट धरत नाही, धरलं तर काढताना रंगासकट निघतं. पंक्चरचं सोल्युशन ट्यूबसाठी ठीक, पण झाकणापाशी पेट्रोल सांडलं की विरघळतं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तर टाकीजवळ नकोच. त्यातलं आम्ल उघड्या पत्र्याला गंज आणतं, आणि मागे राहिलेल्या अंशामुळे पुढे रंग मारताना खड्डे पडतात. पेंटर शिव्या घालतो त्या उगाच नाही.

चालतो तो फेविकॉल एसआर ९९८ सारखा सनमायका-रेक्झिनचा पिवळट गम. सुकल्यावरही लवचिक राहतो. साधारण २० बाय १२ सेंटिमीटरच्या दोन पॅडना ४० मिली पुरतो, मोठा डबा घेऊन घरात वाळवत ठेवू नका.

अट एकच, टाकीचा रंग टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला हवा. टाकीच्या खालच्या बाजूला थिनरचा बोळा घासून बघा. रंग बोळ्यावर आला तर तो एनसी, म्हणजे थिनरने विरघळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग आहे, या गमातलं सॉल्व्हंट त्याला सुरकुत्या पाडेल. रंग नवीन असेल तर महिनाभर थांबा.

पॅडची जागा मास्किंग टेपने आखा. एका बाजूचा कागदी साचा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. डोळ्याच्या अंदाजाने लावलेले पॅड समोरून बघितल्यावर हमखास वर-खाली दिसतात. रबराची मागची बाजू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर तिथे असतो. टाकी आखलेल्या जागेपुरती ६०० च्या वॉटर पेपरने हलकी घासा, मग दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा राहतो.

टाकीचं झाकण घट्ट बंद, गाडी सावलीत, जवळ विडी-सिगारेट नाही. रबरावर पातळ दोन हात, टाकीवर एक. बोटाला चिकटेनासा झाला की तयार: मेमध्ये पाच-सात मिनिटं, संक्रांतीच्या थंडीत पंधरा. ओला असताना दाबला तर सॉल्व्हंट आत कोंडतं आणि फुगे येतात. इथे घाई केलेली जास्त नडते. पावसाळी दमट दिवशी गमावर पांढुरकी साय येते, त्या दिवशी काम पुढे ढकला.

एकदा टेकला की सरकत नाही. म्हणून मध्ये बटर पेपर ठेवून पुढची कड आधी बसवा, कागद थोडा थोडा ओढत मागे या. मग जोर लावून लाटा. या गमाची पकड दाबावर ठरते. घरातलं लाटणं चालतं, विचारून घ्या. पट्ट्या पुन्हा बांधून २४ तास गाडी उन्हात काढू नका.

एनसी रंगावर गमाऐवजी थ्रीएमची व्हीएचबी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड टेप बरी. मात्र रबराच्या बाजूला टेपची पकड वाढवणारा प्रायमर लावा, आणि पूर्ण पकडीला ७२ तास द्या. जाडीमुळे कडेला फट राहते, टेप अगदी कडेपर्यंत कापा, नाहीतर धूळ तिथेच साठते.

कधी काढायची वेळ आली तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. मासे धरायची नायलॉन दोरी मागून घालून करवतीसारखी ओढा. उरलेला गम अंगठ्याने गोळा करत चोळला की सुटतो.