तुम्ही विचारलंत म्हणून: मी नोकरी का सोडली नाही

फिल्म क्लबात तैवानी सिनेदिग्दर्शक एडवर्ड यांगवर माझं बोलून झालं, चहा आला, की कुणीतरी विचारतंच: "यांग तुमच्यासारखाच इंजिनिअर, तरी नोकरी सोडून सिनेमात गेला. मग तुम्ही का नाही सोडलीत नोकरी?" इतकी वर्षं मी 'गृहकर्जाचे हप्ते' म्हणून हसण्यावारी नेलं. हप्ते होतेच, त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं होतं ते भाषणात. मी रंगवायचो ते असं: फ्लोरिडात इलेक्ट्रिकलची पदवी, सिएटलमध्ये कॉम्प्युटरची चांगली नोकरी, एका पावसाळी संध्याकाळी जर्मन दिग्दर्शक हर्झॉगचा 'अगीरे' हा सिनेमा पाहिला आणि गडी थेट तैवानात, तैपेईला. (पाऊस आणि संध्याकाळ माझ्या पदरची.) मग एकदम 2000 साल, त्याचा सिनेमा 'यी यी', कान महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक. टाळ्या.

मग एकदा दुपारी डबा खाताना फोन आला. बाई शांतपणे बोलत होत्या. "सर, तुमचं भाषण ऐकून आमच्या मुलानं राजीनामा दिला. दोन वर्षं झाली. आता घरात कुणाशी बोलत नाही. माझं एवढंच विचारणं आहे, त्या चिनी माणसाचा खर्च कोण करत होतं?"

मी म्हणालो, "चिनी नाही, तैवानी."

पलीकडे काहीच आवाज नाही. मग फोन ठेवल्याचा.

जन्म शांघायचाच यांगचा, 1947चा. म्हणजे चूक काढायची ती सुद्धा अर्धवटच. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं. यांगच्या 'तैपेई स्टोरी' या सिनेमासाठी, 1985 साली, हौ श्याओ-श्येननं आपलं घर गहाण टाकलं होतं. स्वतः नावाजलेला दिग्दर्शक, पण मित्राच्या सिनेमात नायकही झाला. सिनेमा थिएटरातून चार दिवसांत उतरला. हे चार दिवस मी कधीच सांगितले नव्हते. सिएटलच्या आधी यांग फिल्म स्कूलमध्ये जाऊन लवकरच बाहेर पडला होता, तेही नाही.

बरं, राजीनामा द्या असं मी कुणाला म्हटलं होतं? मुलगा सव्वीस वर्षांचा, सज्ञान. हे मी बायकोला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती उठून स्वयंपाकघरात गेली.

तिशीतला मी मला भित्रा म्हणेल. त्याला मी सांगतो: यांगचे अख्ख्या आयुष्यात सातच पूर्ण लांबीचे सिनेमे, एकोणसाठाव्या वर्षी कॅन्सरनं गेला, आणि 'यी यी' तैवानच्या थिएटरांत रीतसर लागला तो 2017 साली, तो जाऊन दहा वर्षं झाल्यावर. तिशीतला मी म्हणतो, सात तरी! तुझे किती?

यावर मला बोलता येत नाही. पण त्या बाईंचा आवाज त्यानं ऐकलेला नाही, हेही आहेच.

येत्या रविवारी पुन्हा बोलायचंय. पाऊस काढलाय, चार दिवस घातलेत, गहाण पडलेलं घरही. हर्झॉग मात्र ठेवलाय.