तुम्ही विचारलंत म्हणून: लेसरच्या वाटेत ती भुकटी कशाला?

प्रयोगशाळा बघायला येणारे विद्यार्थी असोत की नातेवाईक, माझं काम ऐकल्यावर हमखास विचारतात, "लेसर तर आहेच तुमच्याकडे. मग त्याच्या वाटेत ती भुकटी कशाला ठेवता?"

भुकटी म्हणजे क्वांटम डॉट. कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धवाहकाचे 2 ते 10 नॅनोमीटरचे कण. लेसर आहे 800 नॅनोमीटर तरंगलांबीचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग), जेमतेम दिसणारा गडद लाल. मला हवा आहे 60-70 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. त्या लांबीचा लेसर थेट बांधणं फार अवघड, म्हणून हाती असलेल्या लाल प्रकाशातूनच तो काढायचा. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीतिपटीचे स्वर ऐकू येतात, तसेच प्रकाशाचेही हार्मोनिक असतात: दुसऱ्याची तरंगलांबी मूळच्या निम्मी, तेराव्याची तेरावा भाग.

पहिला 1961 साली सापडला. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी माणिक लेसरचा 694 नॅनोमीटरचा प्रकाश क्वार्ट्झमधून पाठवला आणि 347 चा मिळवला. फोटोवरचा ठिपका इतका फिका होता की छापताना तो डाग समजून काढून टाकला गेला. लेखात बाण आहे, ठिपका नाही. पुढे 1988 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ॲन लुइलिए यांच्या गटाने आर्गॉन वायूत 33 व्या हार्मोनिकपर्यंत मजल मारली.

तिथे घडतं ते असं. लेसरचं क्षेत्र अणूतून इलेक्ट्रॉन ओढून काढतं, अर्ध्या आवर्तनाने दिशा पालटते, तो मागे फेकला जातो आणि आपल्याच अणूवर येऊन आदळतो. वाटेत कमावलेली सगळी ऊर्जा एकाच फोटॉनमधून, म्हणजे प्रकाशाच्या एका कणातून, बाहेर पडते. हे प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला घडतं, म्हणून वायूत फक्त विषम क्रमांक मिळतात: 11, 13, 15.

हा इलेक्ट्रॉन जातो तरी किती लांब? चौरस सेंटिमीटरला 10¹⁴ वॉट इतक्या तीव्रतेला साधारण एक-दोन नॅनोमीटर. म्हणजे क्वांटम डॉटच्याच मापाइतका! हे गणित पहिल्यांदा हाताने केलं तेव्हा मी पुन्हा करून पाहिलं, विश्वास बसेना. परतणाऱ्या इलेक्ट्रॉनची लहर वाटेत पसरते. एकट्या अणूवर यायचं तर बहुतेक भाग हुकतो. शेकडो-हजारो अणूंच्या कणावर मात्र त्याला उतरायला ऐसपैस जागा असते. भुकटी ठेवायचं माझ्या लेखी हेच मुख्य कारण.

खरी कसरत पुढे. भुकटी काचेवर डिंकासारख्या थराने चिकटवायची, निर्वात पेटीत ठेवायची. पेटी निर्वातच हवी, कारण हा अतिनील प्रकाश हवा गिळून टाकते. आधी लेसरचा एक सौम्य स्पंद (क्षणभराचा झोत) मारून कणांचा लोट उठवायचा, मग काही डझन नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) थांबून त्याहून लाखो पट छोटा, फेम्टोसेकंदांचा मुख्य स्पंद. कण जड, म्हणून सुट्या अणूंपेक्षा सावकाश वर येतात. थांबण्याचा वेळ त्यांच्या चालीने ठरवावा लागतो. पहिला स्पंद हलका पडला तर काहीच उठत नाही. जोराचा बसला तर डॉट फुटून अणू-आयन होतात, मोकळे इलेक्ट्रॉन वाढतात, हार्मोनिकच्या लहरींची एकमेकींशी लय बिघडते. ज्यासाठी डॉट आणले तेच संपतं.

एकदा पडद्यावर रेघा, दर हार्मोनिकची एक, अशा लख्ख उमटल्या की मी श्वास रोखून मोजत होते: नववी, अकरावी, तेरावी. दहा-बारा स्पंदांत त्या फिकट होत विझल्या. पेटी उघडली तर काचेवर टाचणीच्या टोकाएवढा गोल डाग, त्यात भुकटीचा कण नाही, नितळ काच. लेसर एकाच जागी मारत होते. तेव्हापासून काच सतत सरकवत नेते, प्रत्येक स्पंदाला कोरी भुकटी. रेघा आता कितीतरी वेळ टिकतात.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल अशा हार्मोनिकमधून मिळणाऱ्या ॲटोसेकंद (फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंदांना मिळालं, आणि दुसऱ्याच दिवशी रसायनशास्त्राचं क्वांटम डॉटना. दोन्ही माझ्या टेबलावर एकत्र होते. त्या आठवड्यात डोळे भरून आले होते, सांगायला संकोच वाटत नाही.

सध्या एकाच काचेवर 3 आणि 6 नॅनोमीटरच्या डॉटचे दोन पट्टे शेजारी शेजारी लावले आहेत. स्पंद तोच ठेवायचा, फक्त काच सरकवायची, आणि कणाचं माप बदलल्यावर तेराव्या रेघेचं काय होतं ते बघायचं.