1888 च्या पुढची रेघ

काल चिऊच्या शाळेचा प्रोजेक्ट करायला बसलो होतो, गेलिक फुटबॉलच्या, म्हणजे आयर्लंडच्या हातापायाने खेळायच्या देशी फुटबॉलच्या, ऑल-आयर्लंड स्पर्धेचे विजेते. संघ तिथल्या काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे. ती वाचून दाखवायची, मी चार्टपेपरवर स्केचपेनने लिहायचो. 1887 लिमरिक. 1889 टिपरेरी. म्हटलं, अगं 88 राहिलं की मधलं. तर म्हणाली, तिथे नुसती रेघ मारायची बाबा, त्या वर्षी कोणीच जिंकलं नाही, स्पर्धा अर्धीच राहिली. मारली रेघ. आणि तेव्हापासून ती रेघ काही डोक्यातून जाईना.

मग रात्री वाचत बसलो. पहिलं वर्ष म्हणजे काय होतं तर एका बाजूला 21 जण, गोल मारला की समोरच्याचे कितीही पॉइंट असोत गोलवाला पुढे, आणि हरलं की सरळ घरी. ही हरलं-की-घरी पद्धत चांगली 2001 पर्यंत टिकली. 1887 ची फायनलसुद्धा झाली 29 एप्रिल 1888 ला, डब्लिनच्या डॉनीब्रूकमध्ये, लिमरिकने लाउथला 1-4, 0-3 असं हरवलं, आधीचा आकडा गोल, नंतरचा पॉइंट. म्हणजे पहिलंच वर्ष पुढच्या वर्षात घुसलेलं. तरी पूर्ण केलं त्यांनी.

आणि 88 मात्र सोडून दिलं. कारण सप्टेंबरात सुमारे 50 खेळाडू बोटीत बसून अमेरिकेला गेले. आयर्लंडचे प्राचीन टाल्टन खेळ परत सुरू करायचे होते, त्यासाठी तिकडे सामने दाखवून पैसे जमवायचे. पैसे कुठले, कर्ज झालं, परतायला मायकल डेविट या आयरिश पुढाऱ्याकडून उसने घ्यावे लागले. काहीजण तर परतलेच नाहीत, तिकडेच राहिले.

खरं तर मला या तिकडे राहिलेल्यांबद्दल वाटायला हवं होतं. माझंही तेच आहे ना, इकडे आयर्लंडला दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. आई तेव्हा म्हणाली होती... जाऊ दे. पण रात्रभर मला दिसत होते ते मागे राहिलेले. त्याच वर्षी पहिल्यांदा प्रांतवार स्पर्धा झाल्या होत्या, मन्स्टरमध्ये टिपरेरी जिंकलं, लेन्स्टरमध्ये किल्केनी, अल्स्टरमध्ये मोनाहन. पोरं प्रांत जिंकून तयार बसलेली, आणि पुढची मॅच लागलीच नाही. टिपरेरीला पुढच्याच वर्षी मिळालं. किल्केनी आणि मोनाहन फुटबॉलमध्ये आजपर्यंत एकदाही ऑल-आयर्लंड जिंकलेले नाहीत. एकदाही नाही. 88 ला काय झालं असतं कोणाला माहीत, पण खेळायला तर मिळायला हवं होतं की.

मी गावाहून शुक्रवारी निघालो आणि आमच्या मंडळाची कबड्डीची सेमीफायनल रविवारी होती. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की माझी सेमी हुकली, माझं खेळणं सुटलं, परत कधी मातीत पाय पडला नाही. इथे पावसात बसस्टॉपवर उभा असलो की हे हमखास आठवायचं आणि घशात यायचं, आणि वाटायचं की तिकडे कोणाला माझी आठवण तरी येते का. मी डावा कोपरा. कोपऱ्यावाल्याने आणि शेजारच्याने एकमेकांचा हात धरून उभं राहायचं असतं, साखळी म्हणतात त्याला, माझा हात कायम दादाच्या हातात, घामाने निसटू नये म्हणून चढाईच्या आधी दोघंही मातीत हात घासून घ्यायचो. त्या रविवारी दादाने कोणाचा हात धरला हे मी कधी विचारलंच नाही. सतरा वर्षांत नाही. हे काल रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, आणि हुकलं हुकलं म्हणून मी जे उराशी धरून बसलो होतो ते जरा हलकंच झालं. मी गेलो होतो. थांबलेले ते होते.

एक वाजता मेसेज टाकला. तिकडे साडेपाच, दादा डेअरीला दूध घालायला निघायच्या बेतात असणार. दादा, त्या सेमीला माझ्या जागी कोण होतं रे?

लगेच दोन निळ्या टिका, मग बराच वेळ काही नाही.

मग आलं, "धाकट्याला उभा केलता. पहिल्याच चढाईला बाद. हरलो, पण खेळलो पुरा वेळ. तू अजून जागा का? चिऊ खेळतीय का नीट?"

खेळतीय दादा. आत्ताही किचनमध्ये बॉल पायावर सोडून परत हातात घ्यायचं चाललंय, सोलो म्हणतात त्याला, सात वेळा जमतं, आठव्याला सिंकखाली जातो. चार्ट वाळलाय, रेघ जराशी वाकडी आलीय. पुसून परत मारू का विचारलं तर नको म्हणाली.

शनिवारी तिची मॅच आहे. हरलं की घरी. मी सुट्टी टाकलीय.