मुक्ताईच्या पालखीसोबत चालताना

कोथळी मुक्ताईनगरहून आदिशक्ती मुक्ताईची, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीची, पालखी ज्येष्ठातच निघते. पंढरपूर आमच्यापासून शेकडो किलोमीटर, महिन्याभराच्या वर चालायचं. ऊन काय असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, डांबरी रोड चपलेतून भाजतो तरी बाया डोक्यावर तुळस घेऊन चालत असतात.

पहाटे काकडा, मग चाल, पुढे पताका, मागे टाळकरी आणि वीणेकरी, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. एका विसाव्याला म्हातारी आजी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा वाढत होती, ती आधी वारकऱ्याच्या पाया पडायची मग वाढायची, आणि तोही वाकून तिच्या पाया पडायचा. मला वारीतलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

सोबत भाची होती, पुण्यात जॉबला आहे. म्हणाली, मावशी, फॉर्मवर आपण हिंदू लिहितो पण नेमकं मानायचं काय, एक पुस्तक नाही की एक देव नाही. मी म्हटलं अगं ग्रंथ खूप आहेत, वेद उपनिषदं गीता, आपल्या दिंडीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पण आपल्या घरात देव आधी नात्यातला असतो मग पोथीतला. सप्तशृंगी कुलदैवत, चैत्रात लोक पायी गडावर जातात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, घरात बसते, नारळाला डोळे, नथ, दागिने घालून, आणि तिचा रोट, म्हणजे नैवेद्य, भाऊबंदांतच खायचा. गळ्यात माळ घालून एकादशी करणारा तुझा मामाच कानबाईपुढे रात्र जागतो, त्यात कोणालाच काही वेगळं वाटत नाही. आणि विठ्ठल तर माउलीच.

मुक्ताईचंही तसंच. परंपरेत चांगदेव १४०० वर्षं जगलेले योगी, त्यांनी या लहान पोरीला गुरू केलं, तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांचं देऊळ आहे. १२९७ मध्ये मुक्ताई इथे तापीकाठी गुप्त झाली, आणि आमच्यासाठी ती अजूनही घरातली लेकच आहे.

बीडला तिचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी आहे, पालखी तिथे पोचली की नात-आजोबांची भेट होते. केवढी गर्दी! भाची घुसून पार पुढे जाऊन उभी राहिली, तर मागून एक बाई तिला ओरडली, अगं सरक ना, नातीला जाऊ दे आजोबांकडे, किती लांबून चालत आलीये ती.