पाच जणांची मेंढीकोट

मेंढीकोट हा पत्त्यांचा खेळ चौघांचा, दोघा-दोघांच्या जोड्यांचा; पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर पत्ते बसले की नेमके पाच जण जमतात. पाचव्याला ‘नंतर ये’ म्हणू नका, सगळ्यांना नंबर द्या. पाच फेऱ्या अशा: १ बाहेर, २-५ विरुद्ध ३-४, २ बाहेर, ३-१ विरुद्ध ४-५, ३ बाहेर, ४-२ विरुद्ध ५-१, ४ बाहेर, ५-३ विरुद्ध १-२, ५ बाहेर, १-४ विरुद्ध २-३. प्रत्येक जण प्रत्येकाचा भिडू एकदाच, विरोधात दोनदा.

फेरीत चार डाव, म्हणजे पिसणं प्रत्येकाकडे एकदा येतं. गुण जोडीचे नाही, माणसाचे लिहा. बाहेरच्याच्या हाती वही द्या, नाही तर तो मागं बसून इशारे करतो.

सहा झाले तर ही युक्ती चालत नाही: जोड्या पंधरा, फेरीत लागतात दोन, म्हणजे शेवटी एक जोडी उरतेच. तिथं तीन पक्क्या जोड्या करा, आळीपाळीनं एक बाहेर.