तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी तुमची, पेट्रोल कुणाचं?

"मोटरसायकलवरच्या प्रवासाची मालिका केलीत, केबलवर दाखवलीत, ते ठीक. पण गावातले प्रायोजक कुठून आणलेत?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. विचारणारी पोरं बहुतेक पंचविशीतली, हेल्मेटला कॅमेरा चिकटवलेली. माझ्याकडे काहीतरी युक्ती आहे असा त्यांचा समज असतो. म्हणून मला पहिल्याच दिवशी काय ऐकावं लागलं ते आधी सांगतो. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात सुट्या भागांच्या एका दुकानात मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेठनी बाराच्या बारा स्लाइड शांतपणे बघितल्या, चहा पाजला आणि म्हणाले, "म्हणजे भावा, गाडीवर फिरणार तू, आणि पेट्रोल घालायचं आम्ही, व्हय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं तर शेठचा हिशेबही चुकला होता, कारण आमच्या खर्चात पेट्रोल सगळ्यात स्वस्त होतं. अर्ध्या तासाचे तेरा भाग करायचे होते. तेरा म्हणजे आठवड्याला एक याप्रमाणे बरोबर तीन महिने, आणि चॅनेलवाले स्लॉट विकतात तो तसाच. रस्ते सगळे घरापासून दिवसभराच्या टप्प्यातले : गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा घाट, दाजीपूरवरून फोंडा घाट, आजऱ्यावरून आंबोली, आंबा घाट, अणुस्कुरा, चंदगडकडून तिलारी, आणि उलट्या अंगाला खिद्रापूर. गाड्या दोन. माझी हिमालयन आणि मित्राची चौदा वर्षांची स्प्लेंडर, जी प्रत्येक घाटात माझ्याआधी वर पोचायची. कॅमेरामन, एडिटिंग, मुक्काम-जेवण, स्लॉटचं भाडं आणि पेट्रोल धरून भागाला २२ हजार येत होते. तेरा भागांचे २ लाख ८६ हजार. तेवढे पैसे आमच्यापैकी कुणाच्याच घरात पडलेले नव्हते.

सगळ्यांसारखाच मीही आधी गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. तिथं चार महिने घालवले आणि एक रुपया मिळाला नाही. त्यांची चूक नव्हती. डीलरच्या हातात जाहिरातीचा पैसा असतो, पण त्यातला बराचसा कंपनीबरोबर वाटून घेतलेला असतो, आणि कंपनीनं पास केलेलं डिझाइन वापरलं तरच कंपनीचा वाटा मिळतो. फ्लेक्स, पेपरातली जाहिरात, एक्स्चेंज मेळा यांना त्या चौकटीत जागा असते. चिखलानं भरलेली गाडी घेऊन अणुस्कुऱ्यात चहा पिणाऱ्या दोन माणसांना नसते. एका मॅनेजरनं प्रामाणिकपणे सांगितलं, "तुमच्या व्हिडिओत गाडी मळकी दिसते. आम्हाला नवी विकायचीय."

दुसरी अडचण टीआरपीची. लोकल केबलच्या चॅनेलला टीआरपी नसतो. ज्या चॅनेलच्या आवाजात न ऐकू येणारी खूण घातलेली असते, त्यांचीच मोजणी होते. आमच्या चॅनेलचा आणि तिचा काही संबंध नव्हता. ऑपरेटर सांगतो इतके सेट-टॉप बॉक्स, आणि दुकानदार तो आकडा मनातल्या मनात निम्मा करतो. मग दाखवायचं काय?

आम्ही नमुन्याचा एक भाग स्वतःच्या पैशांनी केला. आदल्या सप्टेंबरात गगनबावड्याला चित्रित केलेला, सगळा पावसातला. जानेवारी २०१९ मध्ये तो दोनदा दाखवला. शेवटी एक सोपा प्रश्न विचारला : गगनबावड्यातून कोकणात उतरणारे दोन घाट कोणते? उत्तर, नाव आणि गाव व्हॉट्सअॅपवर पाठवा, बक्षीस चटणीचं पाकीट. २१४ उत्तरं आली. मी आकड्यावर खूश होतो. मित्रानं ती सगळी गावांप्रमाणे लावली आणि दोन कागदांवर प्रिंट काढली, तालुक्याखाली गाव, गावाखाली नाव.

ते दोन कागद बारा स्लाइडपेक्षा भारी ठरले. गारगोटीचे एक बॅटरीवाले मामा चष्मा कपाळावर सरकवून यादी वाचायला लागले. २१४ कडं त्यांनी बघितलंही नाही. बोट भुदरगडवर थांबलं, खाली घसरत गेलं. "हा कडगावचा... हा आमच्याकडनंच ट्रॅक्टरची बॅटरी नेतोय की! ह्यो बघतोय व्हय तुमचं?" मी हो म्हणालो. त्यांनी पलीकडच्या दुकानदाराला हाक मारून ते नाव वाचून दाखवलं. १० हजार ठरले ते तिथंच, उभ्या उभ्या.

शोरूममध्ये चार महिन्यांत जे कळलं नव्हतं ते मला तेव्हा कळलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुकानदाराला 'प्रेक्षक' नको असतात. त्याला कडगाव, आजरा, नेसरी, कळे हवं असतं. आपला रस्ता त्याच्या गिऱ्हाइकाच्या दारावरून जात असेल तर तो ऐकून घेतो. त्यानंतर मी भागांची नावं घेऊन दुकानांत जाणं बंद केलं आणि नकाशा घेऊन जायला लागलो. फोंडा घाटाचा भाग राधानगरीच्या खतवाल्याकडे न्यायचा, आंबोलीचा आजऱ्याच्या काजूवाल्याकडे. मोटरसायकलशी संबंध असलेला प्रायोजक शेवटी आमच्याकडे एकच होता, तो सीट बनवणारा कारागीर. त्यानं पैसे दिले नाहीत. दोन्ही गाड्यांचा फोम बदलून नव्या सीट शिवून दिल्या. आम्ही त्या सीटबद्दल एक शब्द बोललो नाही, फक्त सहाव्या भागात मी नऊ तासांनी गाडीवरून उतरून सरळ चालत गेलो. पाचव्या भागापर्यंतचं माझं चालणं लोकांनी बघितलेलं होतं.

मुख्य प्रायोजकाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्याकडे आम्ही गेलोच नव्हतो. नमुन्याच्या भागात कॅमेऱ्याची बॅग पावसापासून वाचवायला पिवळ्या ताडपत्रीचं एक बोचकं केलं होतं. शाहूपुरीतल्या एका दुकानातून ताडपत्री घेतली, त्यांच्याच माणसाकडून कडा दुमडून पितळी डोळे मारून घेतले, दोरी ओवली. करूळच्या वळणावर पाऊस आडवा येत होता, कॅमेरामन ते बोचकं पोटाशी धरून बसला होता, आणि ते दृश्य छान वाटलं म्हणून आम्ही ठेवलं. दुसऱ्या प्रक्षेपणानंतर दुकानाच्या मालकांचा फोन. "ती पिवळी पिशवी आमच्या दुकानातली का हो?" मी म्हटलं, काका, तुम्हाला कसं कळलं? "डोळे बघितले. आमच्याकडं दोन बोटांवर डोळा मारत्यात, बाकीचे चार बोटांवर मारत्यात." पुढच्या आठवड्यात त्यांनी तसल्या चाळीस पिशव्या करून टांगल्या होत्या. ९० हजार, तीन हप्त्यांत. रेट कार्ड माझ्या बॅगेत होतं, ते त्यांनी मागितलंही नाही.

कधी जायचं, हेही पोरं विचारतात. सकाळी भवानी व्हायच्या आत पैसे मागायला कधीच जायचं नाही, हे सांगायला नको. दुपारी तीन ते साडेचार बरं, तेव्हा दुकानात माणूस रिकामा असतो आणि जेवलेला असतो. गणपतीच्या आधीचा महिना सोडून द्यायचा. त्या महिन्यात दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी मंडळांच्या पावत्यांचा गठ्ठा असतो आणि तुमचा कागद त्याच गठ्ठ्यात जातो. एकदा तिथं गेला की तुम्ही प्रायोजक मागणारे राहत नाही, वर्गणी मागणारे होता. वर्गणी ५०१ असते, ती कितीही गोड बोललात तरी ५०१ च राहते.

आणि ऊस. आमच्याकडं बाजारात पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो. कायद्यानं ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळायला हवं. त्या हंगामात मात्र एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, एकरकमी की तुकड्यांत, यावरून रान पेटलं होतं. जानेवारीत जे म्हणाले "बिलं पडू देत, मग बघू," ते मला टाळत आहेत असं वाटायचं. मार्चमध्ये त्यातल्या पाच जणांनी स्वतः फोन केले. आता मी कुणाच्याही दारात जाण्याआधी कारखान्याची बिलं कुठवर आलीत ते विचारून घेतो.

नाही कुणाला म्हणायचं, हे जास्त अवघड. एक गृहस्थ मुख्य प्रायोजकाच्या तिप्पट द्यायला तयार होते. त्यांचा माल वेलची म्हणून छापलेला, पण गावात त्या नावाला वेलची कोण म्हणत नाही. केबलच्या नियमांत तंबाखूची आणि दारूची जाहिरात चालत नाही, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण नियम नसता तरी माझ्या सातवीतल्या पोरीसमोर पडद्याच्या तळाला ती जाहिरातीची पट्टी सरकताना मला बघवली नसती. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांचं ते वर्ष. एका दादांना शेवटी फक्त त्यांचा फोटो हवा होता. आचारसंहितेच्या काळात केबलवरची राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, हे सांगितल्यावर त्यांनीच विषय सोडला. नियमांचा असाही उपयोग होतो. तिसरा एक हॉटेलवाला. त्याला माझ्या तोंडून 'कोल्हापुरात एक नंबर मिसळ' एवढंच हवं होतं. मी ५ हजार परत केले. मला याच गावात राहायचंय.

फसलोही. एका व्यापाऱ्यानं चार भाग आपलं नाव लावून घेतलं आणि १५ हजारांचा चेक न वटता परत आला. चूक माझी, कागद केला नव्हता. तेव्हापासून एक पानाचा मराठीतला करार करतो : किती भाग, किती सेकंद, पट्टीवर कोणता मजकूर, तीन हप्ते कोणत्या भागानंतर. सेकंद लिहायलाच हवेत, कारण तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिरात दाखवता येत नाही, म्हणजे आपल्या अर्ध्या तासात सहाच मिनिटं असतात. पहिल्या उत्साहात मी आठ मिनिटं विकून बसलो होतो. कुणी पैशांऐवजी वस्तू दिली तरी कराच्या हिशेबात तो व्यवहारच आहे, आणि १ जुलै २०२२ पासून वर्षाला २० हजारांवरची वस्तू ठेवून घेतली तर देणाऱ्याला १० टक्के टीडीएस बघावा लागू शकतो. हे तुमच्या सीएला विचारा, मला नको.

जूनच्या दुसऱ्या रविवारी पहिला भाग लागला. नऊ भाग नीट गेले. दहावा ११ ऑगस्टला होता. त्या आठवड्यात पंचगंगा कुठवर आली होती हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, अर्ध्या गावात वीज नाही, केबल बघणार कोण. दहावा भाग पुढे ढकलला. शाहूपुरीत पाणी शिरलेलं, आणि ताडपत्रीवाल्या काकांचा फोन लागत नव्हता. त्यांचा तिसरा हप्ता दहाव्या भागानंतर द्यायचा ठरला होता. मी मनात तो सोडून दिला होता, आणि त्यांची पट्टी थांबवायला चॅनेलला सांगणार होतो.

१५ तारखेला त्यांचाच फोन आला. दुसऱ्याच कुणाच्या नंबरवरून. "पट्टी बदलायचीय. लिहून घ्या." मी पेन शोधला. "'सर्व प्रकारच्या ताडपत्र्या व रेनकोट' काढा. लिहा, दुकानात पाणी आलं होतं. माल वरच्या मजल्यावर होता, कोरडा आहे. सोमवार १९ पासून दुकान उघडं. घरात पाणी आलेल्यांना ताडपत्री खरेदीच्या भावात." मी विचारलं, फोन नंबर जुनाच का? "नको, तो पाण्यात गेला. नंबर काढा. दुकान माहीत आहे लोकांना."

चॅनेलवाला म्हणाला, फार लांब आहे, एकदा सरकायला वीस सेकंद लागतात, दोन शब्दांत बसवा. मी त्याला एकही शब्द काढू दिला नाही. १८ तारखेला दहाव्या भागात ती पट्टी अकरा वेळा गेली. वर आंबोलीचा धबधबा कोसळत होता, आम्ही तो जुलैमध्ये मोठ्या हौसेनं चित्रित केला होता, आणि त्या आठवड्यात मला तो बघवत नव्हता.

सप्टेंबरात काकांनी बोलावून चेक दिला. पूर्ण ३० हजारांचा. चेकबुक खालच्या ड्रॉवरमध्ये राहिलं होतं, ते त्यांनी गच्चीवर पान पान सुटं करून वाळवलं होतं. कागद पापडासारखा झालेला, आणि डाव्या कोपऱ्यातून तिरकी पिवळी रेघ. बँकेतल्या ताईंनी तो उजेडात धरून बघितला.

"पुरातला का?"

"हो."

"मशीन घेतंय का बघते," म्हणाल्या, आणि तळहातानं दाबून सरळ करत आत घेऊन गेल्या.