खाडे

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय लटकतं. कॅलिफोर्नियात दारात दूधवाला येत नाही, तरी खाडे मांडायची सवय काही जात नाही. गेल्या वर्षी त्यावर मी हिरवे गोल आणि लाल फुल्या करत होते. गोल म्हणजे बंड्याची त्याच्या बहिणीशी भेट झाली. फुली म्हणजे खाडा.

बंड्या हे अर्थात त्याचं नाव नाही. खरं नाव नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, असा नियम. घरात बोलायचं ते इतकंच, ‘बंड्याकडे जाऊन येते.’

मी ‘कासा’ स्वयंसेवक आहे. आईवडिलांपासून दूर, कोर्टाच्या हुकमानं दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या, म्हणजे फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी कोर्ट जी माणसं नेमतं, त्यांतली एक. 1977 साली सिॲटलच्या डेव्हिड सूकप या न्यायाधीशांनी ही पद्धत सुरू केली. मुलांच्या आयुष्याचे निर्णय अर्धवट माहितीवर द्यावे लागतात, हे त्यांना सलत होतं. त्यांनी साध्या नागरिकांना मदतीला घेतलं. तीस तासांचं प्रशिक्षण, पोलिसांकडची तपासणी, न्यायाधीशांसमोर शपथ, आणि मग एक मूल. सोशल वर्करकडे केसेसचा ढीग, वकिलांकडेही ढीग. आपल्याकडे मात्र एकच. शाळेत, डॉक्टरकडे, फॉस्टर आईकडे जायचं, मुलाला भेटत राहायचं आणि दर सहा महिन्यांच्या सुनावणीआधी अहवाल द्यायचा.

माझ्या पहिल्या अहवालात एक वाक्य होतं : ‘भावंडांच्या भेटी सुरू आहेत.’ कागदावर महिन्याला दोन भेटी ठरल्या होत्या, मी तेच उतरवून काढलं. अहवाल गेल्यावर एकदा बंड्याला सहज विचारलं, मागच्या वेळी बहिणीबरोबर काय खेळलास? तो म्हणाला, “मागच्या वेळी म्हणजे हॅलोविनला?” तेव्हा फेब्रुवारी चालू होता.

त्या दिवशी कालनिर्णय हातात घेतलं.

बंड्या दहा वर्षांचा, बहीण चार. दोघांना एकत्र ठेवेल असं घर मिळालं नाही, म्हणून ती चाळीस मैलांवर दुसऱ्या घरी. पुढच्या पाच महिन्यांत दहा भेटी व्हायच्या होत्या, झाल्या तीन. उरलेल्या सातांची कारणं मी फोन करकरून गोळा केली. गाडी नव्हती. ड्रायव्हर आला नाही. सोशल वर्कर बदलली, नवीन बाईंना फाईल मिळायची होती. ताप. पुन्हा गाडी. एकही कारण खोटं नव्हतं, आणि नेमकी तीच अडचण होती. कुणावर ओरडायची सोय नव्हती. दुसऱ्या अहवालात मी विशेषणं गाळली आणि तारखांचा तक्ता दिला.

सुनावणी साडेआठची. तिथे सगळ्यांचीच साडेआठची असते, त्यामुळे आम्ही पावणेअकरापर्यंत बाकावर. इथे दहा वर्षांच्या मुलाला आपल्या सुनावणीला हजर राहायचा हक्क आहे. बंड्या शाळेच्या फोटोसाठी घेतलेला शर्ट घालून आला होता. समोरच्या बाकावर त्याची आई. दोन बस बदलून आली होती. सुरुवातीला मला तिचा राग होता, खोटं कशाला बोलू. पण त्या सात तारखांतल्या दोनांना ती भेटीच्या जागी वेळेवर येऊन तासभर ताटकळली होती, हे माझ्याच तक्त्यात मला लिहावं लागलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ते लिहून घेणाऱ्या बाई तुम्हीच ना?” मी हो म्हटलं. पुढे दोघींना काही सुचलं नाही.

आत सगळं मिळून अकरा मिनिटं. न्यायाधीशबाईंनी तक्त्याचं पान वर धरून विचारलं, “या तारखा बरोबर आहेत?” कुणीच नाही म्हणालं नाही. मग त्या बंड्याकडे वळल्या. तुला मला काही सांगायचंय?

आदल्या आठवड्यात आम्ही मिळून चिठ्ठी लिहिली होती. ती त्यानं खिशातून काढलीच नाही. म्हणाला, “तिला वाटतं मी बर्गरच्या दुकानात राहतो.”

“म्हणजे?”

“आम्ही तिथेच भेटतो ना. घसरगुंडी आहे तिथे. ती मला म्हणाली, तू किती लकी आहेस.”

माझ्या शेजारी बसलेल्या वकीलबाई पेनाचं टोपण लावायचं आणि काढायचं काम करत राहिल्या. आईनं मान खाली घातली.

आदेश झाला तो असा : भेट दर शनिवारी, आळीपाळीनं एकमेकांच्या घरी, आणि नेण्या-आणण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर. ‘विभाग व्यवस्था करेल’ हे वाक्य न्यायाधीशबाईंनी खोडायला लावलं. मला त्या दिवशी सगळ्यात मोठं वाटलं ते हेच. आई आणि मुलं पुन्हा एका घरात येणार का, हा मूळ प्रश्न पुढच्या तारखेवर गेला.

पहिल्या शनिवारी बहिणीला ताप. फुली.

दुसऱ्या शनिवारी ती आली. मी तिथे नव्हते, फॉस्टर आईनं फोनवर सांगितलं. बंड्यानं तिला आपली खोली दाखवली, पलंग दाखवला, मागचं अंगण दाखवलं. ती सगळीकडे डोकावून आली, पलंगाखालीसुद्धा, आणि जरा नाराज होऊन म्हणाली, “घसरगुंडी कुठेय तुझी?”